पिकलबॉलला सोसायटीचं बॅडमिंटन कोर्ट आहे की!
लेखात पुणे-मुंबईतली पिकलबॉलची (छोट्या कोर्टवर लहान बॅट आणि प्लॅस्टिकच्या बॉलने खेळायचा टेनिससारखा खेळ) कोर्टं दिलीत ते छान, पण तासाला पैसे मोजून रोज कोण खेळणार हो, बिनपैशाची सार्वजनिक जागा असेल तर ती सांगा ना. आम्ही चार रिटायर्ड मंडळी सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवरच खेळतो, माप तेच २० बाय ४४ फूट, फक्त नेट खाली घ्यायचं, मधोमध ३४ इंच, आणि नेटपासून ७ फुटांवर खडूने रेघ मारायची, नेट ते रेघ एवढी जागा म्हणजे किचन (तिथे उभं राहून टप्पा न पडलेला बॉल मारायचा नाही, आमचे एक काका रोज मारतात आणि वर भांडतात). मागे बागेतल्या रिकाम्या सिमेंटवर नेट लावलं तर वॉचमन म्हणे परवानगी आणा, कुणाची ते त्यालाही ठाऊक नाही!! बाकी सकाळी सातच्या आधी खेळू नका, त्या टॉक-टॉक आवाजाने पहिला मजला खवळतो.