‘समित्या बरखास्त करा’ म्हणण्याआधी 13 डिसेंबर 2005 ही तारीख बघा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात ग्रुपवर आला. शिरपूर, चोपडा, शहादा, अमळनेर, सगळीकडचे ग्रुप. मजकूर थोडक्यात असा: ‘संसदेच्या समित्या म्हणजे खासदारांच्या चहापानाची सोय. बंद दाराआड बसतात, कोण काय बोललं याची कुठे नोंद नसते. सरकार त्यांचे अहवाल वाचतही नाही. विधेयकं मात्र वर्षानुवर्षं अडकून पडतात. सामान्य माणसाचा तिथे काडीचाही संबंध नाही. समित्या बरखास्त करा, विधेयक थेट सभागृहात मांडा आणि मंजूर करा.’ खाली, ‘शेतकरी-आदिवासींच्या हितासाठी पुढे पाठवा.’

पुढे पाठवणाऱ्यांत माझे नातेवाईक आहेत, एक माजी सरपंच आहेत, मला नागरिकशास्त्र शिकवलेले गुरुजीही आहेत. त्यांच्या रागाला कारणं आहेत, ती मला मान्य आहेत. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वनहक्काचे दावे, म्हणजे कसत आलेल्या वनजमिनीवर हक्क मागणारे अर्ज, भरून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि ‘आदिवासींच्या हितासाठी’ हे शब्द वाचल्यावर मला गप्प बसवेना.

म्हणून सुरुवात शेवटच्या आरोपापासून करतो: ‘सामान्य माणसाचा काडीचाही संबंध नाही.’

वनहक्काच्या दाव्याचा अर्ज भरताना आम्ही पहिली चौकशी करतो ती एका तारखेची. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात होती का? दंडाची पावती, जुना पंचनामा, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जे मिळेल ते त्या तारखेच्या अलीकडचं की पलीकडचं हे बघूनच दाव्याला लागतं. ही तारीख आली कुठून? त्या दिवशी वनहक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. पण मांडलेल्या विधेयकात तारीख वेगळी होती: 25 ऑक्टोबर 1980, म्हणजे वनसंवर्धन कायदा लागू झाला तो दिवस. विधेयक जसं आलं तसं मंजूर झालं असतं, तर 1980 नंतर कसायला घेतलेली सगळी जमीन दाव्याबाहेर गेली असती.

विधेयक संयुक्त समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या खासदारांच्या समितीकडे, गेलं. आंध्रचे खासदार व्ही. किशोरचंद्र देव अध्यक्ष होते. समितीने निवेदनं मागवली, साक्षी घेतल्या आणि मे 2006 मध्ये अहवाल दिला. कट-ऑफ तारीख 13 डिसेंबर 2005 करा, ही शिफारस त्या अहवालातली. विधेयक फक्त अनुसूचित जमातींपुरतं होतं. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या इतर कुटुंबांनाही त्यात घ्या, हेही समितीनेच सांगितलं. आज कायद्याच्या नावात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शब्द आहेत ते त्यामुळे. जमिनीची मर्यादा मूळ विधेयकात अडीच हेक्टर होती. ती काढूनच टाका असं समितीचं म्हणणं होतं, सरकारने तेवढं ऐकलं नाही, पण कायद्यात चार हेक्टर झाले. डिसेंबर 2006 मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला.

चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या आबांचा दावा मी भरला होता. त्यांनी जमीन मोकळी केली 1990 च्या सुमारास. मूळ विधेयकाने त्यांना अतिक्रमण करणारा ठरवलं असतं, समितीने बदललेल्या तारखेने दावेदार ठरवलं. धडगावपासून यावलपर्यंत अशी घरं किती, ते त्या भागात हिंडणाऱ्या कोणालाही विचारा. त्या समितीचं नाव आबांनी कधी ऐकलेलं नाही. पण त्यांच्या सात-आठ बिघ्यांचा संबंध तिच्याशी आहे, आणि तो काडीएवढा नक्कीच नाही.

आता ‘कुठे नोंद नसते’ हा आरोप. मला सर्वांत जास्त खटकला तो हाच, कारण तो सरळ खोटा आहे आणि तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

समितीपुढे साक्ष होते तेव्हा बोललेला शब्दन्‌शब्द टिपला जातो. साक्षीच्या सुरुवातीला अध्यक्ष साक्षीदाराला स्पष्ट सांगतात, की तुमची साक्ष सार्वजनिक समजली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकेल. एखादा भाग गोपनीय ठेवायचा असेल तर तसं सांगा, पण तरीही तो खासदारांना उपलब्ध होऊ शकतो. नंतर टिपलेली साक्ष त्याच्याकडे तपासायला जाते. मंत्रालयाचा सचिव असो की शेतकरी संघटनेचा प्रतिनिधी, पद्धत तीच. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जातं: किती वाजता सुरू झाली, कोण खासदार हजर होते, कोणाला बोलावलं होतं, कोणत्या कलमावर काय ठरलं, किती वाजता उठली. ही इतिवृत्तं अहवालाच्या शेवटी जोडलेली असतात. अहवाल पटलावर, म्हणजे सभागृहात, ठेवला की तो संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येतो. हजेरीची यादीही तिथेच सापडते. खान्देशातून चार खासदार लोकसभेत जातात: जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. आपला खासदार समितीच्या किती बैठकांना गेला, हे त्याच्या कार्यकर्त्याला विचारायची गरज नाही, इतिवृत्त मोजा.

विधेयकावरच्या अहवालात ज्या सदस्याला बहुमताचा निर्णय पटला नाही तो असहमतीची टिप्पणी देऊ शकतो आणि ती अहवालाबरोबर छापली जाते. या कागदाची किंमत किती, ते फेब्रुवारी 2025 मध्ये दिसलं. वक्फ विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या अहवालात आपल्या टिप्पण्यांचे काही भाग वगळले, अशी तक्रार विरोधी सदस्यांनी केली, सभागृहात गदारोळ झाला आणि वगळलेला मजकूर नंतर जोडला गेला. नोंदीला काही अर्थ नसता तर त्या चार ओळींसाठी एवढं भांडण झालंच नसतं.

एक उणीव मात्र खरी आहे. खासदार आपापसात चर्चा करतात त्याचं इतिवृत्त फार त्रोटक असतं. ‘समितीने विचारविनिमय केला’ एवढ्या एका वाक्यात दोन तास संपतात. कोणत्या खासदाराने आबांची बाजू घेतली आणि कोणी विरोध केला, हे त्यातून कळत नाही. ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दाराचं म्हणाल, तर हो, दार बंद असतं. अहवाल पटलावर येईपर्यंत कामकाज गोपनीय ठेवायचं, असा नियमच आहे. पण बंद दाराने एक गोष्ट साधते. सभागृहात पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, चालतो, त्याविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. समितीत व्हिप नसतो आणि कॅमेराही नसतो. 2012 मध्ये कृषीविषयक स्थायी (कायमस्वरूपी) समितीने जनुकीय बदल केलेल्या पिकांवर अहवाल दिला. त्या कामात समितीचे सदस्य विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांच्या गावांतही जाऊन आले होते. समितीत सत्ताधारी पक्षाचे खासदार होते, तरी एकमताने आलेला तो अहवाल सरकारच्या धोरणावर कडक टीका करणारा निघाला. कॅमेऱ्यासमोर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

‘सरकार अहवाल वाचतही नाही’ यात थोडं तथ्य आहे. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. 2023 मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, ते त्या खात्याच्या स्थायी समितीकडे न जाता संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीने त्यात एकही बदल सुचवला नाही. सातपुड्यात राहणाऱ्यांच्या दृष्टीने तो वाईट दिवस होता. पण त्याच्या बरोबर उलटं उदाहरणही ताजं आहे. नवं आयकर विधेयक फेब्रुवारी 2025 मध्ये मांडलं गेलं, लोकसभेच्या प्रवर समितीने (त्याच विधेयकासाठी नेमलेल्या खासदारांच्या समितीने) जुलैमध्ये 285 शिफारशी केल्या. ऑगस्टमध्ये सरकारने मूळ विधेयक मागे घेतलं आणि त्यातल्या बहुतेक शिफारशी सामावून दुसरं आणलं. वाचलं नसतं तर मागे घेतलं नसतं.

‘वर्षानुवर्षं अडकतात’ याचं उत्तर याच तारखांत आहे. आयकराचं एवढं जाडजूड विधेयक पाच महिन्यांत तपासून झालं, वनहक्काचंही साधारण तेवढ्याच काळात. महिला आरक्षणाचं विधेयक सप्टेंबर 1996 मध्ये मांडलं गेलं आणि गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने त्याच डिसेंबरमध्ये अहवाल दिला. प्रत्यक्ष कायदा झाला 2023 मध्ये. मधली सत्तावीस वर्षं समितीच्या खात्यावर टाकणं अन्याय आहे. आपल्या कापूसवाल्यांच्या जिव्हाळ्याचं 2004 चं बियाणे विधेयकही तसंच: कृषी समितीने 2006 मध्ये अहवाल दिला, पुढे ते मंजूरच झालं नाही. बोगस बियाण्याने दर जूनमध्ये पोळणाऱ्या शेतकऱ्याने याचा जाब सरकारांना विचारावा, आणि ती एकाच पक्षाची नव्हती.

चहाबद्दल एवढंच: बैठकीत चहा मिळतो. तो सभागृहाच्या लॉबीतही मिळतो.

राहिली मागणी, ‘थेट मांडा, थेट मंजूर करा’. ती जवळजवळ मान्य झाल्यासारखीच आहे. पीआरएस ही संस्था संसदेच्या कामकाजाचा हिशेब ठेवते. तिच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सोळाव्या लोकसभेत सुमारे पाव हिस्सा, सतराव्या लोकसभेत सुमारे 16 टक्के. सप्टेंबर 2020 मधली तीन कृषी विधेयकं समितीकडे गेली नाहीत. शेतकऱ्यांना जे बोलायचं होतं ते ऐकायला खोली नव्हती, म्हणून ते दिल्लीच्या सीमेवर वर्षभर रस्त्यावर बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तिन्ही कायदे मागे घ्यावे लागले. मेसेज लिहिणाऱ्याला हवी असलेली पद्धत प्रत्यक्षात अशी दिसते.

राग धरायचाच असेल तर त्याला दुसरी जागा आहे. समिती विधेयक हातात घेते तेव्हा निवेदनं मागवणारी जाहिरात देते. त्यात बहुधा पंधरा दिवसांची मुदत असते आणि निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत द्या असं लिहिलेलं असतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीतल्या पाड्यावर ती जाहिरात पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते. पोहोचली तरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाने हिंदीत कलमवार मत लिहायचं कसं? मराठीत लिहिलेलं निवेदन घ्यायला काय हरकत आहे? आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा आहे ही. सरकारने 2014 मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांसमोर तीस दिवस ठेवायचं धोरण ठरवलं, समितीच्या जाहिरातीलाही निदान तेवढे दिवस मिळायला हवेत. ही मागणी कोणी लिहून ग्रुपवर टाकली तर मी ती पुढे पाठवीन.

2023 च्या त्या वनसंवर्धन विधेयकावर आम्ही चौघांनी बसून हिंदीत तीन पानं लिहिली होती. चोपड्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतली, आबांचा अंगठा घेतला आणि मुदतीच्या आत स्पीड पोस्टाने पाठवली. त्याने विधेयकाचा एक शब्दही हलला नाही. नंतर मी आबांना म्हटलं, फुकट गेलं का हो सगळं? ते म्हणाले, “भाऊ, कागद तं गया ना दिल्लीले.” स्पीड पोस्टाची ती पावती माझ्याकडे अजून आहे.