शेवटचा अर्धा लिटर

घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुणारी मंडळी डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) कुठला चांगला यावर तासन्‌तास भांडतील, पाण्याबद्दल मात्र चकार शब्द काढणार नाहीत. आमच्या सोसायटीच्या टाकीत कॉर्पोरेशन, बोअर आणि टँकर गुण्यागोविंदाने नांदतात. त्या पाण्यात तूरडाळसुद्धा शिजायला आढेवेढे घेते.

गंमत म्हणजे तयार पाकिटातल्या डी-७६ या डेव्हलपरला हे पाणी बहुधा चालतं. गढूळ असेल तर गाळून घ्या. नखरे एक्सटॉल या दुसऱ्या डेव्हलपरचे. तो क जीवनसत्त्वाच्या गोत्रातला. पाण्यात लोखंड-तांब्याचा अंश असला की बाटलीतच मरतो, आणि मेल्यावरही दिसतो स्वच्छच. कळतं ते कोरी फिल्म बाहेर आल्यावर. त्याला डिस्टिल्ड वॉटरच द्या.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरम येतं. डेव्हलपर बर्फात २० अंशांवर आणायचा आणि धुवायला तोच कढत नळ सोडायचा, म्हणजे इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) सुरकुत्यांचं आमंत्रण. त्यापेक्षा सगळंच २४ अंशांवर ठेवा. २०ला १० मिनिटं लागत असतील तर २४ला साधारण ७. बर्फ पिशवीत घालून बाटलीबाहेर ठेवायचा, सरबतासारखा आत नाही.

फिक्सर म्हणजे चित्र कायम करणारं रसायन. त्यानंतरची धुलाई नळाच्या पाण्यानेच करा: फिल्मचा डबा भरून ५ वेळा उलटसुलट, पाणी बदलून १०, पुन्हा बदलून २०. खरी परीक्षा पुढच्या अर्ध्या लिटरची. बोअरचा थेंब वाळला की क्षाराचं कडं मागे ठेवतो, आणि तो बसतो नेमका कुणाच्या तरी नाकावर. म्हणून ५०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २.५ मिली फोटो-फ्लो (फिल्मवर थेंब न राहता पाणी निथळावं म्हणून घालायचं द्रावण), सिरिंजने मोजून. ‘असू दे दोन थेंब जास्त’ हा हात आमटीत चालतो. इथे चिकट ओघळ येतात. अर्धा मिनिट बुडवा, फेस करू नका.

आरओवर आंधळा विश्वास नको, कारण बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. थेंबभर काचेवर वाळवा. पांढरं कडं उरलं तर ते पाणी प्यायचं. एसीचं फुकटचं पाणीही नको, त्यात धूळ आणि बुरशी असते.

डाग पडलेच तर चकचकीत बाजूवरचे तोंडाची वाफ देऊन मऊ कापडाने पुसा. इमल्शनच्या बाजूला मात्र कापड लावायचं नाही. फिल्म पुन्हा भिजवून, धुऊन शेवटचा अर्धा लिटर पुन्हा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन मिळतो. ॲसिडचा नाही ना, तेवढं बघून घ्या. घरी आणल्यावर त्यावर ‘बॅटरी’ असंच ठळक लिहा. ‘फिल्मसाठी’ लिहिलंत तर तो वाफेच्या इस्त्रीत जातो.