काडीपैलवानाची मोजदाद

भाचीने व्यायामशास्त्रात पीएचडी करायला घेतली, तेव्हा आनंदाच्या भरात मी बोलून गेलो, "काही लागलं तर मामाला सांग." पुस्तकं-बिस्तकं मागेल अशी कल्पना. तिने मामाच मागितला.

अभ्यास सुरू करण्याआधी तिला अंगातली चरबी आणि धमन्या मोजण्यात हात बसवून घ्यायचा होता. दुसरं गिऱ्हाईक म्हणून तिचे बाबा, म्हणजे आमचे भाऊजी. भाऊजींचं पोट त्यांच्या अर्धा मिनिट आधी खोलीत शिरतं. मी पडलो काडीपैलवान: उंची 170 सेंटिमीटर, वजन 62 किलो, बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 21.5. लग्नातला सूट मला अजून होतो, हे मी कोणी न विचारताही सांगतो.

अटी अशा: रात्रीपासून उपाशी, सकाळी चहा नाही, आदल्या दिवशी व्यायाम नाही. शेवटची अट मी गेली तीस वर्षं काटेकोर पाळतोय. चहाचं मात्र जड गेलं.

सुरुवात चिमट्यांनी झाली. दंडाला पुढून, मागून, खवाट्याखाली आणि कमरेच्या हाडावर एक पोरगा कॅलिपरने कातडीची घडी धरून मिलिमीटर सांगत होता. आमच्या गणिताच्या मास्तरांनीही साधारण याच जागा निवडल्या होत्या, फक्त ते आकडा लिहून ठेवत नसत. चिमट्यांचा हिशोब निघाला 24 टक्के चरबी. मग अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडणाऱ्या काट्यावर उभं केलं. मांसात पाणी असतं, त्यातून प्रवाह सहज जातो. चरबी आडवी येते. उत्तर 26.

"तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा उभा राहू का?"

"मामा, पोटातलं पाणी यंत्र चरबीतच धरेल."

तिसरा डेक्सा. टेबलावर उताणं पडायचं, वरून दांडी सरकत जाते आणि दोन वेगळ्या ताकदींच्या क्ष-किरणांनी हाड, चरबी, मांस वेगवेगळं मोजते. "काका, अजिबात हलू नका," असं पोराने सांगितलं आणि त्याच क्षणी नाक खाजायला लागलं. उत्तर 29! दर यंत्रागणिक भाव चढत होता, म्हणून मी पुढचं यंत्र नकोच म्हणालो. 62 किलोंचे 29 टक्के म्हणजे 18 किलो. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस असतो 14.2 किलो. म्हणजे एक भरलेलं सिलिंडर अंगात लपवून, वर पावणेचार किलो जास्तीचे घेऊन मी सडपातळ म्हणून मिरवत होतो.

भाचीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला: आपल्या पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय 22.3. साहेबांची चरबी 9.1 टक्के, आपल्या डॉक्टरांची 21.2. "आपली माणसं बारीक दिसतात, पण आतून लठ्ठ असतात, मामा." समजूत घालायची ही कुठली तऱ्हा!

खरी परीक्षा पुढे होती. कोपराच्या वर थंडगार जेल लावून सोनोग्राफी, आणि कोपराच्या खाली पट्टा. तो असा फुगवला की पंजाकडे जाणारं रक्त बंद. पाच मिनिटं. पहिल्या मिनिटाला मुंग्या, तिसऱ्याला हात पांढराफटक, चौथ्याला तो माझा नव्हेच, कोणीतरी शेजारी ठेवून गेलंय. "काका, हलू नका." मग फस्सकन पट्टा सुटला आणि बोटांच्या टोकांपर्यंत गरम रक्त धावलं. पडद्यावर माझी धमनी दिसत होती: दोन करड्या रेघा, मध्ये काळोख. असा लोंढा आला की धमनीचं आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि नळी सैल पडून रुंदावते. जितकी रुंदावेल तितकं अस्तर धडधाकट. मी डोळे वटारून त्या रेघांना धीर दिला. 4.0 मिलिमीटरच्या झाल्या 4.2. पाच टक्के.

भाऊजींच्या 4.2 च्या 4.6. साडेनऊ!

"रोज पहाटे पर्वती," पोटावरून हात फिरवत भाऊजी म्हणाले. "चढायची, उतरायची, पुन्हा चढायची."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. चाळिसाव्या पायरीवर मी 'देखावा बघायला' बसलो. वरून भाऊजी पहिली फेरी संपवून उतरत आले. थांबले, माझ्याकडे नीट बघितलं.

"अजिबात हलू नकोस," म्हणाले. "खाली जाऊन आलोच."