पक्षाघातानंतरच्या फिजिओथेरपीविषयी खुलासा
पक्षाघाताच्या रुग्णाला सव्वा महिना अंथरुणातून उठवू नये, व्यायामाने दुसरा झटका येतो, असा मजकूर गोव्यातील डिचोली-पेडणे भागात व्हॉट्सॲपवरून फिरत आहे. तो चुकीचा आहे. उलट, पडून राहिल्याने सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पहिल्या 24 तासांतच रुग्णाला वारंवार उभे करणे मात्र हितावह नसल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अव्हर्ट’ या पक्षाघाताच्या रुग्णांवरील वैद्यकीय चाचणीत दिसले. म्हणून सुरुवात केव्हा करायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे. गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातून) घरी आलेल्या रुग्णाने पुढील व्यायाम जवळच्या सामाजिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपीची सोय असल्यास तेथे चालू ठेवावेत. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नये (घरोघरी नेमके हेच होते), कारण त्याने खांदा सरकू शकतो.