माईच्या ओवीवर दुसऱ्याचा शिक्का

"आत्या, एकदा नेटवर टाकलं की ते सगळ्यांचंच झालं. तू लई मनावर घ्यायलीस."

भाच्याचं हे वाक्य तीन आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही. वर माझ्या भावानं भर घातली, "ओवीला कधी मालक असतो का? आणि आपल्याला लपवायचंय काय? हे प्रायव्हसीचं खूळ तुमच्या जर्मनीतलं."

झालं ते असं. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी घरात लग्न होतं. हळद दळायला जातं मांडलं आणि माई जात्यावर बसली. भाच्यानं दीड मिनिटाचा व्हिडिओ काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, मग स्वतःच्या अकाउंटवर. तिथून तो एका पेजनं उचलला, भाच्याचं नाव कापलं, कोपऱ्यात स्वतःचा लोगो चिकटवला आणि खाली लिहिलं, 'मराठवाड्यातील एक आजी'. चार दिवसांत तो लाखो लोकांनी पाहिला. मला तो श्टुटगार्टच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मिळाला. इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईनं पाठवला होता, "तुमच्याकडचं आहे, ऐक." मी ऐकलं, तर आवाज माझ्या आईचा.

भावाला माझं पहिलं सांगणं हे, की खूळ जर्मनीतलं नाही. 24 ऑगस्ट 2017 ला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो कलम 21 मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच येतो. तो दिल्ली-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांपुरता नाही, जात्यावर बसलेल्या बाईलाही आहे. 'लपवायचंय काय' हा प्रश्नच चुकीचा आहे. आमच्या घरी परका माणूस ओसरीवर बसायचा, माजघरात येत नसे. माजघरात आम्ही काय लपवून ठेवलं होतं? ज्वारीच्या कणग्या आणि चार गोधड्या. तरी आत यायचं तर विचारूनच.

इथं जर्मनीत विचारतात. लेक किटात, म्हणजे पाळणाघरात, जायला लागली तेव्हा फोटोसाठी वेगळा कागद सहीला आला. भिंतीवर लावायला चालेल का, वर्गाच्या वहीत चिकटवायला चालेल का, वेबसाइटवर चालेल का, प्रत्येकाला वेगळी खूण. एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, एका बापानं तिन्ही ठिकाणी नाही म्हटलं, तर कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. 1898 मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन फोटोग्राफर खोलीत घुसले आणि त्याच्या मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून इतकं रान उठलं की 1907 च्या कायद्यात माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवायचं नाही असं आलं, आणि ते आजही लागू आहे. 2010 मध्ये गूगल इथल्या रस्त्यांचे फोटो नेटवर टाकणार होतं तेव्हा सुमारे 2,44,000 घरांनी 'आमचं घर पुसट करा' असं कळवलं. मला ही माणसं आवडतात ती यासाठी.

भाचा म्हणतो, "मग तुमच्या बेलवर आडनाव कशाला लावतेत? घर बदललं की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, करावी लागते, तूच सांगितलं होतंस." ते वेगळं आहे. ते नाव मी स्वतः लावलंय.

दुसरी गोष्ट, ओवीला मालक नसतो ही. हे मराठवाड्यातल्या माणसानं म्हणावं याचं मला जास्त वाईट वाटतं. जनाबाई आमच्याच गंगाखेडची. आयुष्यभर दासी म्हणून राबली, पण अभंगाच्या शेवटी 'म्हणे जनी' लावायला विसरली नाही. सातशे वर्षं लोकांनी ते अभंग दळताना, कांडताना, दिंडीत फुकट गायले. जनीचं नाव कापून तिथं स्वतःचं घालायची कुणाची छाती झाली नाही. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहिल्या, मध्ये शिरलेलं बाजूला काढलं आणि पुढं कुणी यात आपली भर घालू नये म्हणून बजावून ठेवलं. आपल्याकडं गाणं सगळ्यांचं आणि नाव करणाऱ्याचं, अशी रीत होती. आजही हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या लाखावर ओव्यांतल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायाही आहेत, आणि ओवीसोबत गाणारणीचं नाव आहे, गाव आहे. त्या पेजला एवढं जमलं नाही?

कायदाही माईच्या बाजूनं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 38 गाणाऱ्याला स्वतःचा हक्क देतं, आणि 2012 च्या दुरुस्तीनं 'हे मी गायलंय' असं नाव लावून मागण्याचा हक्कही दिलाय. 2023 चा डेटा संरक्षण कायदा मात्र म्हणतो, की माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर. माईनं स्वतःहून काय जाहीर केलं? तिला तर भाच्याच्या हातातला फोन चालू आहे हेही माहीत नव्हतं.

आणि साइटच्या अटी कुणी वाचतं का? फेसबुक, इन्स्टाग्राम लिहितात की मजकूर तुमचाच. लगेच पुढं लिहितात की तो वापरायचा, दुसऱ्याला वापरायला द्यायचा जगभराचा परवाना तुम्ही आम्हाला दिला, विनामूल्य. शेतकऱ्याच्या घरात हे समजायला अवघड नाही. सातबारा तुमच्या नावावर, पीक त्यांच्या खळ्यावर. बटईनं रान दिलं तरी वाटा मिळतो, इथं तोही नाही. 2025 च्या मे महिन्यात फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक मेटानं युरोपातल्या लोकांच्या सार्वजनिक पोस्ट एआय शिकवायला घेतल्या, त्याआधी मला हरकतीचा फॉर्म आला आणि मी तो भरला. भावाला विचारलं, त्याला असलं काही आलं नव्हतं. त्याला त्याचं काही वाटलंही नाही, आणि माझा जीव तुटतो तो तिथंच.

आता जे भावाला बोलले नाही ते. व्हिडिओ त्या पेजवर जाण्याआधी सहा दिवस घरच्या ग्रुपवर पडून होता. लग्नाला मी नव्हतेच, आणि तो ग्रुप मी दोन वर्षांपासून म्यूट केलाय. पंधरा वर्षांत किती दिवाळ्यांना घरी गेले, माईला एकदाही म्हटलं नाही, गा, मी रेकॉर्ड करते. तिचा गाण्यातला आवाज माझ्याकडं तेवढाच आहे, त्या चोरलेल्या व्हिडिओतला, लोगोसकट. आणि त्यातली ओवी ही आहे:

लेक दिली दूरदेशी, कसा धाडू मी मुराळी
इमानाच्या वाटंला गं, नाही पोचत आरोळी

ही जुनी ओवी नाही, यातलं इमान म्हणजे विमान. ही तिनं जोडलीय. माझ्यावर. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'लेकीला आईची किंमत नाही', 'परदेशात गेले की असंच'. माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तरी एस-बानमध्ये मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. खासगीपणाचा एवढा सगळा मुद्दा मी मांडते आहे, त्यात माईचा किती आणि माझा किती, हे मला नीट वेगळं करता येत नाही.

त्या रात्री साइटवर तक्रारीचा फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न, तुम्ही हक्कधारक आहात की त्यांचे अधिकृत प्रतिनिधी? तेव्हा लक्षात आलं, भाच्यानं जसं विचारलं नाही तसं मीही विचारलं नव्हतं. सकाळी फोन लावला. सगळं सांगितलं, पेज, लोगो, लाखो माणसं. म्हटलं, काढून टाकायला लावते.

माई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू ऐकलीस का?"

ऐकली, म्हटलं.

"मग राहू दे की. काढू नको, बाई. पण ते एक आजी एक आजी काय लावलंय? माझं नाव घालाय सांग त्यांना. अन् गावाचं."

फॉर्म पुन्हा उघडून शेवटपर्यंत पाहिला. काढून टाका, एवढीच मागणी त्यात करता येते, नाव घाला अशी नाही. पेजला दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही. भाच्यानं व्हिडिओखाली माईचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं, पण ते शेकडो लोकांच्या लिहिण्याखाली गेलंय, शोधून काढावं लागतं. मी रोज खाली जाऊन पाहते, आहे का अजून.