हिला साठचं द्या

गेल्या गुरुवारी भर दुपारी, लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात, एका अनोळखी काकूंनी माझ्या अंगावरच्या कुडत्याचा घेर उलटा केला आणि आतली शिवण दुकानदाराला दाखवली. "ही बघा हिची टीप," असं म्हणून. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि खरोखर पाहिली. या गोष्टीला आठ दिवस झाले. अजूनही फोडणी करताना मध्येच आठवतं आणि मोहरी करपते.

मी गेले होते एका कुडत्याचं कापड घ्यायला. गेली दोन वर्षं मी शिवतेय. उशांचे अभ्रे, भाचीचे दोन फ्रॉक, स्वतःचे चार कुडते, हे सगळं रविवार पेठेतल्या शंभर-सव्वाशे रुपये मीटरच्या कापडावर. ते कापड धुतलं की आटतं, दुसऱ्यांदा धुतलं की विटतं आणि तिसऱ्यांदा आपोआप ओट्याखाली पुसायला जातं. वाटलं, आता हात बसलाय, एकदा चांगल्या कापडावर कात्री चालवून बघू.

सेल्समनने तागा काढला. फिकट बदामी अंग, त्यावर मोहरीएवढी जांभळी फुलं. "लॉन आहे मॅडम, तलम सुती, शंभर काउंट." हात लावला. सहाणेवरचं चंदन बोटाने उचलावं तसं गार आणि गुळगुळीत. केवढ्याला म्हणून विचारलं.

"चौदाशे पन्नास."

"अडीच मीटरचे?"

"मीटर."

मी चेहरा हलू दिला नाही. तो तागा उलगडत म्हणाला, "शिवायला कुठे टाकणार?" म्हटलं, मीच शिवणार. त्याचा हात थांबला. मग त्याने अगदी सावकाश, मला कळू नये अशा बेताने, तागा एक वेढा परत गुंडाळला.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बघू."

या काकू मघापासून ऐंशी सेंटिमीटर अस्तर घ्यायला बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, कडक खळ दिलेली नारायणपेठी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं तुळशीचं रोप. त्यांना ब्लाउजला जुळणारा रंग हवा होता आणि पोरगं चौदावी छटा दाखवत होतं. ती छटा तशीच सोडून त्या माझ्या ताग्याकडे वळल्या. अंगठा आणि तर्जनीत कापड धरून चोळलं, उजेडाकडे धरलं, कानाशी नेऊन फडकवलं. कानाशी का, ते मी विचारलं नाही. माणूस आत्मविश्वासाने काही करत असला की आपण विचारत नाही.

"शंभर काउंट म्हणतोय हा. म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर चौदाशे पन्नास ऐकून मी तेव्हाच बाहेर पडले असते. पण काकूंनी प्रश्न मला विचारलेला नव्हता, स्वतःला विचारलेला होता. "पौंडभर सूत घ्यायचं. त्याच्या आठशे चाळीस वारांच्या किती लडी होतात, तो काउंट. शंभर लडी भरल्या तर शंभर. सूत जितकं बारीक तितका आकडा मोठा. माझे सासरे परळला गिरणीत विव्हिंगला होते. जेवताना भाताचं शीतसुद्धा काउंटमध्ये मोजायचे." मग थोडं थांबून, "१९८२च्या संपात गिरणी गेली. नंतर सासरेही गेले." आणि पुन्हा कापड चोळायला लागल्या.

घरी येऊन मी तो हिशेब केला. शंभर लडी म्हणजे ८४,००० वार, म्हणजे जवळपास ७७ किलोमीटर. साडेचारशे ग्रॅम सूत, आणि ते माझ्या दारापासून लोणावळा ओलांडून घाट उतरायला लागतं. हे फार सुंदर आहे, मान्य. पण दुकानात त्या सौंदर्याचा आस्वाद घ्यायला वेळ नव्हता, कारण काकूंनी ताग्याच्या कडेचा एक दोरा ओढून काढला होता आणि पिशवीतून आगपेटी.

"काकू, अहो!" सेल्समन.

"देवळातून आलेय रे. आरतीची आगपेटी आहे."

"दुकान आहे काकू! कापडाचं!"

"मी काय तागा पेटवतेय? एक दोरा आहे."

काडी ओढली गेली. मालक गल्ल्यावरून उठले. अस्तरवाल्या पोराने चौदा छटा छातीशी धरल्या. दोरा भुर्रकन जळाला, कागद जळल्याचा वास आला, काकूंनी राख बोटावर चुरली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "सुती आहे. पॉलिस्टर असतं तर मणी झाला असता."

"काकू, लेबलवर लिहिलंय हंड्रेड पर्सेंट कॉटन."

"आमच्या सोसायटीच्या पाटीवर चोवीस तास पाणी लिहिलंय."

आता, आगकाडीने कापड पॉलिस्टरचं नाही एवढंच कळतं. शंभरचं की साठचं हे कळत नाही. मांजरपाटाचा दोराही तस्साच जळतो, तोच वास, तीच राख. म्हणजे दुकानाला आग लावण्याच्या बेतात येऊन आम्ही जे सिद्ध केलं, त्यावर कोणाचा वाद नव्हताच. हे मी बोलून दाखवायला हवं होतं. मी "हो का" म्हटलं.

"शिवणार कोण?" काकूंनी विचारलं.

"ह्याच," सेल्समनने परस्पर सांगितलं. त्याच्या आवाजात काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही, पण डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तेव्हा असतं.

"अंगावरचं हिनेच शिवलेलं दिसतंय." हे त्यांनी पाच फुटांवरून ओळखलं. आणि मग तो घेर उलटा झाला.

दोघं वाकले. मालकही आले. "टीप नागमोडी आहे. हे बघा, इथे दोरा सैल पडलाय, खालचा ताण बघितलेला नाही. कडा मोकळ्या सोडल्यात, इंटरलॉक कुठाय? आणि हे काय?" ते एका जागी कापड कमी पडलं म्हणून मी लावलेलं ठिगळ होतं. आतल्या बाजूने होतं. जगात कोणी बघणार नव्हतं.

"काकू, मी शिकतेय अजून," मी म्हटलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई हे वाक्य म्हणते तेव्हा तिला स्वतःचीच किती दया येते, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

"शिक ना. नाही कोण म्हणतं? पण ह्याच्यावर नको. हिला साठचं द्या." आणि प्रश्न मिटवून त्या अस्तराकडे वळल्या. सेल्समनने लगेच साठ काउंटचं कॅम्ब्रिक टेबलावर टाकलं. दोनशे ऐंशी रुपये मीटर.

खरं सांगायचं तर काकूंचं काही चुकलेलं नव्हतं. राग त्याचाच आहे. आणि सेल्समनचा. डॉक्टरांची बायको, इंजिनियरची बायको, कोणीही येऊन तेच कापड मागितलं असतं आणि "टेलरकडे टाकणार" म्हणाली असती, तर त्याने चहा मागवला असता. पैसे माझेही तेवढेच होते. पण स्वतः शिवणारी बाई म्हणजे एकतर काटकसरी किंवा रिकामटेकडी, असं कापडवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. महागडा कॅमेरा घेणाऱ्याला कोणी विचारत नाही, आधीचे फोटो दाखवा. पुरुष पावणेदोन लाखांची सायकल घेतात आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन पोहे खाऊन परत येतात. त्यांच्या पोटऱ्या उलट्या करून कोणी पाहिल्याचं ऐकिवात नाही.

"अडीच मीटर द्या. शंभरचं," मी म्हटलं. तीन हजार सहाशे पंचवीस. अर्धे कापडाचे, अर्धे काकूंचे.

घरी आल्यावर डोकं थंड झालं, तेव्हा पोटात गोळा आला. मग मी, पैसे गेल्यावर सगळे करतात ते केलं. ते कसे योग्यच गेले, याचा अभ्यास. तर बारीक सूत कातायचं म्हणजे कापसाचा तंतूच लांब लागतो. आखूड तंतूची टोकं बाहेर डोकावतात, कापडाला लव येते, गोळे धरतात. आपल्याकडचा सगळ्यांत लांब तंतूचा कापूस म्हणजे सुविन. १९७४ साली कोइमतूरला सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून काढला आणि दोघांच्या नावांतून एकेक तुकडा उचलून त्याला नाव ठेवलं. आजकाल आईबापांच्या नावांची खिचडी करून मुलांची नावं ठेवतात, तो प्रकार शेतकी शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. लंडनच्या लिबर्टीचं टाना लॉन प्रसिद्ध आहे, ते नाव इथियोपियातल्या टाना सरोवरावरून आलं. माझ्या ताग्यावर मात्र ना कापसाचं नाव होतं, ना गावाचं. नुसतं 'प्रीमियम'.

अभ्यास तिथेच थांबवायला हवा होता. पण मी मीटरभर कापडाची घडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ८५ ग्रॅम. पिंजण्याविंचरण्यात जाणारी घट धरून शंभरेक ग्रॅम रुई म्हणू. सरकीसकट कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे तीनशे ग्रॅम कापूस. २०२५-२६ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. हमीभाव मिळालाच, तर माझ्या मीटरमधले शेतकऱ्याचे झाले पंचवीस रुपये. माझ्या कापडाचा कापूस जातिवंत असेल, त्याला जास्त भाव मिळत असेल, तर चाळीस म्हणा. पन्नास म्हणा. उरलेले चौदाशे सूतवाला, माग, रंग, छपाई, दुकानाचं भाडं आणि तो एसी, ज्याच्याखाली माझा घेर उलटा झाला. बारीक सुताला मेहनत फार, हे मला कळतं. चौदाशेची कळत नाही. आमचं यवतमाळचं आजोळ. मामा आयुष्यभर कापूस पिकवून टेरिकॉटचे शर्ट घालायचा, कारण ते टिकतात म्हणे. हा हिशेब मी काट्यावरून उचलून ठेवला आणि नवऱ्याला सांगितला नाही.

कापड पाण्यातून काढलं. अडीच मीटर टाकलं होतं, वाळल्यावर दोन मीटर एक्केचाळीस. नऊ सेंटिमीटर, म्हणजे एकशेतीस रुपये बादलीत. कापायला घेतलं आणि खरं सांगते, कात्री लागली तिथून पुढे माझी तक्रार संपली. कापड जागचं हललं नाही. स्वस्त कापड कापताना उभा धागा एकीकडे आणि आडवा दुसरीकडे पळतो, आपण मधे शिक्षकासारखे ओरडत राहतो. हे शहाण्यासारखं बसलं. नखाने घडी मोडली तर घडी राहिली. खांद्याला चुण्या घातल्या तर त्या बटाट्याच्या पोत्यासारख्या फुगल्या नाहीत, पडल्या.

मग मशिनवर घेतलं आणि पहिल्याच टिपेला टक्, टक् आवाज यायला लागला. माझ्या मशिनला कायमची सोळा नंबरची सुई. तिच्यावर मी जीन्सही आखूड केल्यात. या कापडाला ती म्हणजे पोह्यात पहार. नऊ नंबरची सुई आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "नऊ कोण वापरतं?" शेवटी तिसऱ्या दुकानात अकरा नंबर मिळाली. दोराही बारीक घ्यावा लागला. टाचण्यासुद्धा. श्रीमंताघरची सून आणल्यावर घराला रंग काढावा लागतो, तसं.

आणि डावी बाही मी उजवीकडे जोडली.

साध्या कापडावर हे पाप धुऊन निघतं. उसवायचं, पाण्याचा हात फिरवायचा, इस्त्री मारली की भोकं बुजतात. शंभर काउंटची वीण इतकी दाट की सुई गेली तिथे तिची कायमची नोंद. उसवल्यावर मुंढ्याभोवती टिंबांची रांग राहिली. काकूंनी साठचं द्या म्हटलं ते यासाठी. दोनशे ऐंशीच्या कापडाने ही बाही विसरून जाऊन मला माफ केलं असतं. तेव्हा महाग कापड परवडतं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे, कापताना परवडतं, घालताना परवडतं, उसवताना नाही.

परवा घातला. उन्हाचा पारा चाळिशीला, आणि अंगाला काही लागतंय असं वाटत नव्हतं. आरशात बघितलं, टिंबं काखेत गेलेली, कोणाला दिसणार नाहीत. घेर आतून इंटरलॉक करून आणलेला. बाहेरच्या खोलीत आले. सासूबाई पेपर वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, जवळ बोलावलं, बाही दोन बोटांत धरून चोळली.

"मऊ आहे गं. किती धुतलेलं?"

"नवीन आहे."

"असं मऊ नवीन नसतं. जुन्या साडीचंच असतं. बाळाची झबली शिवायचो ना आम्ही, अगदी हे." मग त्यांचा हात बाहीवरच थांबला. "माझी ती बदामी फुलाफुलांची व्हॉइल तर नाही ना फाडलीस?"

"नाही हो आई. विकत आणलंय."

"कितीला?"

पर्समध्ये बिल होतं. ते काढलं असतं तर साडीचा आळ गेला असता आणि किंमत दिसली असती. मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर त्यांचं कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग एकेक साडी मोजल्याचा.