‘बाईने सही करावी, कारभार घरचे बघतील’ : एका फॉरवर्डला उत्तर

नुकत्याच सरपंच झालेल्या आमच्या एका नातलग बाईंना हा मेसेज घरच्याच ग्रुपवर आला, वर ‘वाचून घ्या’ असा प्रेमळ सल्लाही. म्हणून उत्तर लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी कोण लागतं? मजकुरात पाच मुद्दे आहेत. महिला आरक्षण हे संयुक्त राष्ट्रांनी आपल्या गळ्यात मारलेलं खूळ आहे. बाई सरपंच झाली की गावाची कामं थांबतात. आरक्षण उठलं की त्या बायका पुन्हा दिसत नाहीत. आता लोकसभेच्याही एकतृतीयांश जागा बायकांच्या झाल्या आहेत. आणि शेवटी उपदेश : बाईने सही करावी, कारभार घरच्यांनी बघावा, त्यात कुणाचंच नुकसान नाही.

पहिला मुद्दा तारखांवरच कोसळतो. पंचायतीत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या बीजिंग महिला परिषदेचं नाव मेसेजवाले घेतात ती भरली १९९५ च्या सप्टेंबरात. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारालाही भारताने मान्यता दिली ती घटनादुरुस्ती लागू झाल्यावर, जुलै १९९३ मध्ये. त्याच्याही आधी, १९८९ च्या सुमारास, शेतकरी महिला आघाडीच्या बायकांनी विटनेर आणि मेटीखेड्यासारख्या गावांत संपूर्ण महिलांची पॅनेलं निवडून आणली होती. जळगाव आणि यवतमाळच्या त्या शेतकरी बायकांना न्यूयॉर्कहून पत्र आलं नव्हतं.

लोकसभेचा मुद्दा तर वाचायचेही कष्ट न घेतल्याचा पुरावा. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीतच अट आहे, की कायदा अंमलात आल्यानंतरची पहिली जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना आणि त्यानंतर आरक्षण. २०२४ ची लोकसभा या आरक्षणाविनाच निवडून आली. ५४३ पैकी ७४ बायका. हे एकतृतीयांश कोणत्या हिशोबाने, ते मेसेजवाल्यांनीच सांगावं.

आता ‘कामं थांबतात’. इथे अंदाजपंचे बोलायची गरज नाही. सरपंचपद कोणत्या गावात राखीव व्हायचं हे गावाच्या स्वभावावर ठरत नसून फिरत्या क्रमाने ठरतं, त्यामुळे राखीव आणि खुल्या गावांची तुलना सरळ करता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्याच) यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या दोन जिल्ह्यांतल्या २६५ पंचायतींची कामं मोजली. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे बाई प्रमुख, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं, दोन्हीकडे. रस्त्यांचं चित्र मात्र वेगवेगळं : बीरभूममध्ये राखीव पंचायतींत रस्ते जास्त, उदयपुरात कमी. दोन्हीकडे कल त्या-त्या गावच्या बायका ज्या तक्रारी करत होत्या त्यांच्याकडे होता. नवराच सगळं ठरवत असता तर हा फरक कुठून आला असता?

डुफ्लो यांनी पेटिया टोपालोव्हांबरोबर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात तर आणखी गमतीची गोष्ट निघाली. बाई प्रमुख असलेल्या गावांत पाण्याच्या सोयी जास्त, दर्जाही निदान तितकाच, लाच देण्याचं प्रमाण कमी. तरीही गावकरी जास्त नाराज. पंचायतीच्या हातात नसलेल्या सेवांबद्दलसुद्धा! ‘बाई आली आणि काम थांबलं’ हे अनेकदा पारावर बसून मोजलेलं असतं.

‘पुन्हा दिसत नाहीत’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं कबूल करतो. जागा फिरती असते. बाई पहिली दोन वर्षं कागद शिकण्यात घालवते, उरलेल्या तीनात काम करते आणि पुढच्या सोडतीत जागा खुली झाली की पॅनेलवाले तिकीट पुरुषाला देतात. दोष तिचा कसा? पण ‘दिसतच नाहीत’ हे खोटं. मुंबई महापालिकेच्या प्रभागांवर रिखिल भवनानी यांचा अभ्यास आहे : मागच्या निवडणुकीत राखीव असलेला प्रभाग खुला झाल्यावर तिथून बाई निवडून येण्याची शक्यता, राखीव नसलेल्या प्रभागाच्या साधारण पाचपट होती.

राहिला शेवटचा उपदेश, आणि खरा राग त्याचाच. सरपंचपती, म्हणजे बायकोच्या नावावर कारभार हाकणारे नवरे, आहेत, भरपूर आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने याच प्रकारावर समिती नेमली होती आणि तिने अशा माणसांना कडक शिक्षेची शिफारस केली. पण मेसेज तर हा रोगच औषध म्हणून विकतोय. ‘कुणाचंच नुकसान नाही’ म्हणे! कायद्याला सही करणारी दिसते, करवून घेणारा दिसत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर ठरली तर विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. चौकशीची नोटीस तिच्या नावाने, वसुलीही तिच्यावर. सबळ कारणाशिवाय ग्रामसभा घेतल्या नाहीत तर पद जाऊ शकतं तेही तिचंच. नवरा त्या दिवशी ‘मला काय माहीत’ म्हणायला मोकळा.

आणि ही सही आता फक्त पेनाची राहिलेली नाही. वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट ऑनलाइन जातं आणि त्याला ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) व सरपंच अशा दोघांची डिजिटल सही लागते. सरपंचाच्या सहीचा डोंगल (संगणकाला लावायची छोटी कळ), त्याचा पिन आणि ओटीपी येणारा मोबाइल, या तिन्ही वस्तू ज्याच्या खिशात तो खरा सरपंच. अनेक गावांत गोंधळ सुरुवातीलाच होतो : नोंदणी करताना मोबाइल नंबर नवऱ्याचा दिला जातो. पुढची पाच वर्षं प्रत्येक फोन आणि प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे. तेव्हा नंबर स्वतःचा द्या. आधीच दुसऱ्याचा गेला असेल तर बदलासाठी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून पोच घ्या.

दुसरी खोड प्रोसिडिंगची, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीची. सभा होते, ठराव ‘नंतर लिहू’ म्हणून रिकाम्या जागा सोडल्या जातात आणि पानाखाली सही आधीच घेतली जाते. मग त्या जागेत काय उगवेल याचा नेम नाही. सभा संपताच ठराव लिहून, सूचक-अनुमोदकांची नावं घालून, मोठ्याने वाचून घ्यायचे. रिकाम्या ओळींवर रेघ मारायची आणि मगच सही.

बिलाच्या वेळी या क्रमाने कागद मागा : ठराव क्रमांक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, अभियंत्याने मापं नोंदवलेली मोजमाप पुस्तिका, शेवटी बिल. मोजमाप पुस्तिकेत २०० मीटर गटार लिहिली असेल तर टेप घेऊन जागेवर जायचं, हे काम कुणालाही जमतं. पैसा कोणत्या लेखाशीर्षातला, म्हणजे कोणत्या कामासाठी आलेला, तेही विचारा. १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, त्यातला निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. बंधित पैशातून कमान उभारली की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच. महिनाअखेरीला रोकडवही, म्हणजे नमुना ५, बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. फरक असेल तर कारण लेखी घ्या.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यातच आहे, आणि ती अनेक गावांत सह्या फिरवून कागदावर उरकली जाते. ती खरोखर घ्या. तिथे ठरलेलं पाण्याचं किंवा शौचालयाचं काम ग्रामसभेत रीतसर ठराव म्हणून मांडा. मासिक सभेत नवरा, दीर, सासरा खुर्ची ओढून बसले तर उपस्थितांच्या नोंदीत त्यांची नावं ‘सदस्य नाहीत’ अशा शेऱ्यासह लिहायला लावा. पुढच्या सभेला खुर्च्या आपोआप कमी लागतात.